प्रभातफेरीच्या आधी एसटीच्या मागच्या बाकाकडे पाहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण एका माध्यमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या उपाध्यक्षा आहात. आठवीतला एक मुलगा दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत यायला तयार नाही. एसटीत मोठी मुले त्याला त्याच्या चालण्या-बोलण्यावरून चिडवतात, त्याचे दप्तर या बाकावरून त्या बाकावर फिरवतात आणि एकाने त्याच्या रडण्याची चित्रफीत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आहे. संघाने प्रभातफेरी, एका वक्त्याचे व्याख्यान आणि गावात चार फलक असे ठरवले आहे. यातून गावात जागृती होईल का आणि आणखी काय करावे, असे आपण विचारले आहे.

शालेय समुपदेशक म्हणून बावीस वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की प्रभातफेरीने कोणाचे नुकसान होत नाही, परंतु ती सुरुवातीला काढली तर कामही होत नाही. ‘छळ थांबवा’ हा फलक वाचून गावातला प्रत्येक माणूस मान डोलावतो, कारण छळ करणारा म्हणून त्याच्या डोळ्यांसमोर दुसराच कोणीतरी असतो. ज्या मुलांनी दप्तर फिरवले, तीही फेरीत घोषणा देतील आणि त्यात त्यांना काही खटकणार नाही, कारण ती जे करतात त्याला ती ‘चेष्टा’ म्हणतात. त्यांचे पालकही तेच म्हणतात, आणि आपण कंडक्टरला विचारले तर तोही बहुधा ‘पोरांची मस्ती चालते हो’ असेच सांगेल. त्यामुळे पहिले काम शब्दाचे आहे.

आपल्या भाषेत या वागण्याला एकच नेमका शब्द नाही. ‘दादागिरी’ म्हटले की मारामारी डोळ्यांसमोर येते, ‘रॅगिंग’ म्हटले की कॉलेजचे वसतिगृह, आणि ‘चिडवणे’ म्हटले की मामला फुसका वाटतो. नॉर्वेत राहून या विषयावर आयुष्यभर काम केलेल्या डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने तीन खुणा सांगितल्या होत्या : वागणे दुखावण्यासाठी केलेले असते, ते पुन:पुन्हा होते आणि दोन बाजूंची ताकद सारखी नसते. यातली तिसरी खूण लोकांच्या लक्षात सर्वांत कमी येते. दोन मैत्रिणींनी एकमेकींशी कट्टी घेतली तर ते भांडण आहे, चार दिवसांत गट्टी होते. एका मुलीशी सगळ्या वर्गाने कट्टी घेतली, तिच्या डब्याला कोणी हात लावेना, ती बाकावर बसली की शेजारची उठू लागली, तर ते वाळीत टाकणे आहे, आणि त्यात कोणी कोणाला बोटही लावलेले नसते.

पालकांच्या बैठकीत मी या तीन खुणा व्याख्या म्हणून सांगत नाही, प्रश्न म्हणून विचारते. हसतात ते दोघेही हसतात का? ‘पुरे’ म्हटल्यावर थांबतात का? उद्या त्याच मुलाने उलट तीच चेष्टा केली तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाला बैठकीत नेहमी थोडा वेळ शांतता होते.

नॉर्वेचे उदाहरण आपल्या प्रश्नाशी थेट जुळते म्हणून थोडे सविस्तर सांगते. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेतील तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सवंगड्यांकडून झालेला तीव्र छळ असावा, अशी बातमी आली. देश हादरला आणि १९८३ मध्ये शिक्षण मंत्रालयाने देशव्यापी मोहीम हाती घेतली. शाळेत जाणारे मूल असलेल्या प्रत्येक कुटुंबाला चार पानांचे माहितीपत्रक देण्यात आले. पण मोहीम तेवढ्यावर थांबली नाही. शिक्षकांसाठी पुस्तिका होती, मुलांनी नाव न लिहिता भरायची प्रश्नावली होती, मधल्या सुटीत मोठ्यांनी मैदानावर कोठे थांबायचे याचे नियोजन होते, वर्गावर्गांत नियम ठरवले गेले आणि संबंधित मुलांच्या पालकांशी प्रत्यक्ष बोलणे झाले. बर्गन शहरातील ४२ शाळांमध्ये ओल्वेयस यांनी पाठपुरावा केला, तेव्हा छळाचे प्रमाण बरेच घटलेले दिसले. पुढे केंब्रिज विद्यापीठातील मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी निरनिराळ्या देशांतील अशा कार्यक्रमांचा एकत्र अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात छळ सरासरी २० ते २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. ज्या कार्यक्रमांत पालकांच्या बैठका आणि मैदानावरची देखरेख होती आणि जे दीर्घकाळ चालले, त्यांचा परिणाम अधिक होता. एका दिवसाचे व्याख्यान यात कोठे बसते, हे आपणच ठरवावे.

आता एसटीकडे येऊ. त्या गाडीत दप्तर फिरवणारी मुले चार-पाच असतील, पण गाडीत चाळीस मुले असतात. कॅनडात टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर संशोधकांनी मुलांचे खेळणे चित्रित करून पाहिले, त्यात छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुले हजर होती आणि केवळ १९ टक्के प्रसंगांत त्यांतले कोणी मध्ये पडले. मात्र जेव्हा कोणी मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. गावात जागृती करायची ती मुख्यतः या बघ्यांची, असे मी म्हणते त्याचे कारण हेच आहे. छळ करणारा प्रेक्षकांसाठी करतो. प्रेक्षक हसले नाहीत, तर दप्तर फिरवण्यात फारशी मजा उरत नाही.

तरीही मुलांना ‘अन्यायाविरुद्ध उभे राहा’ असे सांगू नये. सातवीतल्या मुलाने दहावीतल्या चौघांसमोर उभे राहावे, ही अपेक्षा अवास्तव आहे आणि कधी कधी धोक्याची आहे. त्याला त्याच्या आवाक्यातली कृती द्यावी लागते. दप्तर आपल्याकडे आले तर ते पुढे न फेकता मांडीवर धरून ठेवायचे. ‘इकडे ये, इथे जागा आहे’ असे म्हणून त्या मुलाला आपल्या शेजारी बोलवायचे. चित्रफीत आली तर हसण्याचे चिन्ह टाकायचे नाही आणि पुढे पाठवायची नाही. नंतर एकट्याने जाऊन ‘काल झालं ते मला आवडलं नाही’ एवढे त्या मुलाला सांगायचे. यातले शेवटचे मला फार मोलाचे वाटते, कारण वर्षानुवर्षांनंतर भेटलेल्या मुलांना, मारणाऱ्यांपेक्षा गप्प बसलेल्या मित्रांची आठवण अधिक बोचते, हे मी वारंवार ऐकले आहे. आणि मोठ्या माणसाला सांगायचे. येथे ‘चुगलखोर’ हा शब्द आडवा येतो, म्हणून आम्ही वर्गात फरक असा समजावतो की चुगली कोणाला तरी अडकवण्यासाठी असते आणि हे सांगणे कोणाला तरी सोडवण्यासाठी.

छळ कोठे होतो, हे ठरवताना मोठ्यांचे अंदाज बहुतेक वेळा चुकतात. यासाठी मी एक साधा उपक्रम करते. प्रत्येक मुलाला कोरा कागद द्यायचा, त्यावर घरापासून वर्गापर्यंतची वाट काढायला सांगायची, आणि जेथे भीती वाटते तेथे लाल ठिपका द्यायला सांगायचे. नाव लिहायचे नाही. एका शाळेत शिक्षकांची खात्री होती की सगळे ठिपके मैदानावर येतील. प्रत्यक्षात मैदानावर दोनच होते. बाकीचे तीन जागी दाटले होते : पाण्याच्या टाकीमागचा नळ, मुतारीकडे वळणारा बोळ आणि एसटीचे मागचे दोन बाक. एका कागदावर तर शाळेची इमारत कोपऱ्यात लहानशी काढली होती आणि गाडी कागदभर. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. नळ दुसऱ्या महिन्यात मुख्याध्यापकांच्या खोलीसमोरच्या भिंतीवर घेतला गेला, प्लंबरचा खर्च दोन हजारांच्या आत आला. गाडीसाठी आगारप्रमुखांकडे अर्ज केला आणि कंडक्टरांशी बोलणे झाले, तेव्हा पाचवी ते सातवीच्या मुलांनी पुढे बसायचे आणि मागच्या दारी एक पालक आठवडाभर पाळीने प्रवास करायचा, असे ठरले. आपल्याकडचा पहिला खर्च फलकांऐवजी अशा कागदांवर आणि लाल पेन्सिलींवर करावा, अशी माझी सूचना आहे. नंतर ते सर्व ठिपके एका मोठ्या नकाशावर उतरवून तो नकाशा पालकांच्या बैठकीत लावा. वक्त्याच्या तासाभराच्या भाषणापेक्षा तो अधिक बोलतो.

येथे माझी एक चूक सांगणे आवश्यक आहे, कारण तीच चूक आपल्या हातून होण्याचा संभव आहे. कामाच्या तिसऱ्या वर्षी एका शाळेत अशाच एका मुलाची तक्रार माझ्याकडे आली. मी परिपाठाच्या वेळी सर्व मुलांसमोर बोलले, नाव घेतले नाही, पण प्रसंग इतका तपशिलाने सांगितला की सर्वांनी वळून त्याच्याकडे पाहिले. मग दोन्ही बाजूंना समोर बोलावले, हस्तांदोलन करायला लावले आणि टाळ्या वाजल्या. मला समाधान वाटले. पुढच्या आठवड्यात त्याला ‘मॅडमचा लाडका’ हे नवे नाव मिळाले आणि महिन्याभरात त्याने शाळा बदलली. भांडणात समेट घडवता येतो, कारण तेथे दोन्ही बाजू बरोबरीच्या असतात. छळात समेट म्हणजे दुबळ्याला सर्वांसमोर माघार घ्यायला लावणे. तेव्हापासून मी दोन्ही बाजूंना कधीही एकत्र बसवत नाही, त्रास झालेल्या मुलाशी आधी आणि एकांतात बोलते, आणि त्याने काय सांगितले हे इतरांना कळू देत नाही. याच कारणाने प्रकरणे मिटवण्याचे काम मुलांच्याच समितीकडे सोपवण्याला माझा विरोध आहे. शेजारी बसणे मुलांचे काम आहे, निवाडा मोठ्यांचे.

पालकांच्या बैठकीविषयी. शाळेच्या सभागृहात सकाळी अकराला बोलावलेल्या बैठकीला आया येतात आणि ज्यांची मुले कोणाला त्रास देत नाहीत असे पालक येतात. आपल्या भागात दूध संकलन संध्याकाळी होत असेल, तर ते आटोपल्यावर वस्तीवरच्या मंदिरात किंवा समाजमंदिरात वीस-पंचवीस जणांना बोलवा. वस्तीनिहाय तीन-चार बैठका झाल्या तरी चालतील. बैठकीत कोणीतरी हमखास म्हणते, ‘आम्हीही लहानपणी मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?’ त्यावर वाद घालू नये. ‘कोणाचा मार अजून आठवतो?’ एवढेच विचारावे. मागे एका बैठकीत साठीच्या एका गृहस्थांनी चौथीतल्या एका मुलाचे नाव घेतले, तो काय म्हणायचा तेही सांगितले, आणि मग गळा दाटून आल्यामुळे ते चहा घ्यायच्या निमित्ताने बाहेर गेले. त्यानंतर त्या बैठकीत मला फार बोलावे लागले नाही.

याच बैठकीत मोठ्यांच्या तोंडच्या टोपणनावांचा विषय काढावा लागतो. काळ्या, जाड्या, बोबडा, चष्मिस ही नावे मुलांनी शोधलेली नसतात, ती त्यांनी ओसरीवर, टपरीवर आणि दुर्दैवाने शिक्षक-खोलीतही ऐकलेली असतात. आपल्या प्रश्नातल्या मुलाला ‘बायल्या’ म्हणतात, असे आपण लिहिले आहे. हा शब्द त्याच्या वर्गात पोचण्याआधी किती घरांत उच्चारला गेला असेल, याचा विचार करावा. जातीवरून मारलेला टोमणा, आडनाव उच्चारण्याची विशिष्ट लकब, हेही मुले मोठ्यांकडूनच उचलतात. साखर कारखान्याच्या पट्ट्यात हंगाम सुरू झाला की बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांची मुले चार-पाच महिन्यांसाठी वर्गात बसतात, त्यांच्या बोलण्याची नक्कल करून वर्ग हसतो आणि बऱ्याचदा शिक्षकही हसतात. शिक्षक हसले की वर्गाला परवाना मिळतो. म्हणून मी शिक्षकांची बैठक मुलांच्या आधी घेते. ती सोपी नसते.

त्रास देणाऱ्या मुलांच्या पालकांना बैठकीत उघडे पाडू नका. त्यांच्या घरी मुख्याध्यापक आणि एक पालक प्रतिनिधी असे दोघांनी जावे, काय घडले ते तारीख आणि जागा सांगून मांडावे, मुलाला गुंड वगैरे विशेषणे लावू नयेत. ‘तुमचा मुलगा वाईट आहे’ म्हटले की बाप एकतर भांडायला उठतो किंवा आपल्यासमोरच मुलाच्या कानशिलात लगावतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या चापटीची परतफेड एसटीत होते. पुढच्या पंधरा दिवसांत कोणते वागणे थांबले पाहिजे आणि ते कोण तपासणार, एवढे ठरवून उठावे. मग पंधरा दिवसांनी खरोखर परत जावे. ही दुसरी भेट बहुतेक शाळा विसरतात.

चित्रफितीबाबत घाई करा. ती ग्रुपवरून काढायला लावण्याआधी तारीख आणि वेळ दिसेल असे छायाचित्र एका जबाबदार व्यक्तीने जपून ठेवावे, पण ‘बघा काय चाललंय’ म्हणून ती पालकांच्या ग्रुपवर फिरवू नये, कारण त्यामुळे त्या मुलाचे रडणे आणखी दोनशे घरांत पोचते. चित्रफितीत मुलाचे कपडे उतरवलेले असतील किंवा लैंगिक स्वरूपाचे काही असेल, तर पुरावा म्हणूनही तिची प्रत काढू नये, पाठवू नये, थेट पोलिसांकडे जावे. तेथे पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा लागू होतो आणि असा गुन्हा माहीत असून न कळवणे हाही गुन्हा आहे.

कायद्याचा धाक दाखवून जागृती होत नाही, असा माझा अनुभव आहे, पण कायदा माहीत नसल्यामुळे प्रकरणे दडपली जातात हेही खरे. महाराष्ट्रात १९९९ चा छळ (रॅगिंग) प्रतिबंधक कायदा आहे. तो संस्थेच्या आवाराबाहेरच्या छळालाही लागू होतो, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते आणि त्याने दुर्लक्ष केले तर त्याने छळाला प्रोत्साहन दिले असे मानले जाते. ‘गाडीत घडले, शाळेचा संबंध नाही’ असे आपल्याला कोणी सांगितले, तर एवढे वाक्य त्यांच्यासमोर ठेवावे. आरोपी अठरा वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, आणि ते योग्यही आहे. बालकांसाठी १०९८ आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हे दोन क्रमांक विनाशुल्क आहेत. फलक लावायचेच असतील तर घोषणांऐवजी हे दोन क्रमांक लिहा आणि ते फलक एसटी थांब्यावर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा.

गावातल्या इतरांना काम वाटून द्यावे. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समिती बहुतेक ठिकाणी कागदावर असते, तिची एक बैठक या विषयावर मागावी. खासगी क्लासचे चालक, तालमीचे वस्ताद, गणेश मंडळाचे कार्यकर्ते यांचा शब्द दहावीतली मुले मुख्याध्यापकांपेक्षा जास्त मानतात. वस्तादांनी तालमीत एकदा ‘लहानाला छळणारा माझ्या मातीत नको’ असे म्हटले, तर त्याची बातमी संध्याकाळपर्यंत सर्व वस्त्यांवर पोचते.

यश कसे ओळखावे, याबाबत एक इशारा देते. काम नीट सुरू झाले की पहिल्या दोन-तीन महिन्यांत तक्रारी वाढतात. संस्थाचालक घाबरतात आणि ‘तुम्ही आल्यापासून शाळेचे नाव खराब झाले’ असे म्हणतात. मला हे दोनदा ऐकावे लागले आहे. तक्रारी वाढल्या याचा अर्थ मुलांना विश्वास वाटू लागला असा असतो. तक्रारपेटी वर्षभर रिकामी असेल, तर ती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी टांगलेली आहे का, तेवढे पाहावे. खरे मोजमाप नाव न लिहिता भरलेल्या प्रश्नावलीतून आणि ठिपक्यांच्या नकाशातून करावे, एकदा आता, एकदा मार्चमध्ये, एकदा पुढच्या दिवाळीआधी.

राहिला तो मुलगा. हे सगळे उभे राहायला महिने लागतील आणि तो तोवर घरी बसू शकत नाही. या आठवड्यातच वर्गशिक्षकांनी त्याच्या घरी जावे, ‘शाळेत ये’ असे सांगण्यासाठी नव्हे, ‘तू येण्याआधी आम्ही काय बदलावे’ हे विचारण्यासाठी. त्याची झोप आणि जेवण कसे आहे, हे आईला बाजूला घेऊन विचारावे, आणि जगण्यात अर्थ नाही अशा स्वरूपाचे त्याने काही बोलल्याचे कळले, तर त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. त्याच वस्तीवरून त्याच गाडीने येणारी, त्याला आवडणारी एक-दोन मुले शोधावीत. त्याला विचारून, त्याच्या संमतीने, पहिले पंधरा दिवस ती त्याच्याबरोबर चढतील, कंडक्टरच्या मागच्या बाकावर तिघे एकत्र बसतील आणि दप्तर खिडकीच्या बाजूला ठेवतील, असे ठरवावे. प्रभातफेरीची तारीख तो गाडीत बसू लागल्यानंतर ठरवा, आणि त्या फेरीत त्याने यायचे की नाही हे त्याच्यावर सोडा.